पिशवीचे पाप किती रुपयांचे?

२०१८ सालच्या मार्च महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीबद्दल दोन निर्णय चार दिवसांच्या अंतराने झाले. २३ मार्चला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि वर तीन महिन्यांची कैद. २७ मार्चला केंद्र सरकारने २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतला पंधरावा नियम वगळून टाकला. तो नियम पिशवीवर किंमत लावणारा होता. पिशव्या द्यायच्या असतील तर दुकानदाराने नगरपालिकेकडे नाव नोंदवावे आणि महिन्याला किमान ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,००० भरावेत, असे त्यात म्हटले होते. पहिल्या निर्णयाची चर्चा चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत झाली. दुसरा कोणाच्या ध्यानातही आला नाही. विचार करण्याजोगे मात्र दुसऱ्यातच जास्त होते. एखादी गोष्ट वाईट आहे हे मान्य झाल्यावर ती मनाई करून थांबवायची, की तिला दाम लावून करणाऱ्याला क्षणभर थबकायला लावायचे, हा प्रश्न पर्यावरण खात्याचा आहे तितकाच धर्मशास्त्राचाही आहे, आणि धर्मशास्त्र त्याच्याशी कैक शतके झगडत आले आहे. पैसे भरून पाप फिटते का? फिटत असेल, तर ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला पापाची मुभा आहे. फिटत नसेल, तर पैसे घ्यायचे तरी कशाला?

मुळात हे पाप आहे का, ते आधी पाहिले पाहिजे. पावशेर मिरच्या न्यायला घेतलेल्या पिशवीला पाप म्हणणे पुष्कळांना अतिरेकी वाटेल. चोरी, हिंसा, विश्वासघात यांच्या पंगतीला पिशवी कशी बसवायची? याचे उत्तर शोधायला आमच्या बीड जिल्ह्यातून बाहेर जावे लागत नाही. अंबाजोगाईत राहिलेल्या दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी प्रसिद्ध आहे: सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ. त्याचा विषय पंचीकरण. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच तत्त्वे एकमेकांत मिसळून देह आणि जग कसे घडते, याचा तो विचार आहे. आणि या विचारात घडणे जितके महत्त्वाचे तितकेच सुटे होऊन परत जाणेही. मडके, पत्रावळ, धडपा, बैल, माणूस, कोणीही याला अपवाद नाही. पॉलिथिनची पिशवी मात्र मधेच अडकून बसते. तीही जमिनीतल्या तेलातूनच आलेली आहे, पण परतीची वाट तिला सापडत नाही. तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, ते कण आता माणसाच्या रक्तातही सापडले आहेत. माती मात्र त्यांची होत नाही. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनापासून माजलगावकडच्या पुरुषोत्तमपुरीपर्यंत गोदाकाठी भाविक येतात. निर्माल्य पाण्यात सोडण्यामागची जुनी कल्पना अशी, की देवाला वाहिलेले फूल कोणाच्या पायाखाली न येता महाभूतांत मिसळून जावे. तेच निर्माल्य पिशवीत भरून, वर गाठ मारून नदीत फेकले जाते तेव्हा विधी पार पडतो आणि त्याचा हेतू मात्र उलटा होतो. शेजाऱ्याची विहीर बुजवावी तशातला हा प्रकार नाही. येथे नुकसान कोणाचे आणि कधी होणार हे करणाऱ्याला दिसतच नाही. म्हणूनच त्याला पाप म्हणायला जीभ रेटत नाही.

न दिसणाऱ्या नुकसानीचा हिशेब कसा मांडायचा, यावर पराशरस्मृतीत एक विलक्षण विचार आहे. तो सांगण्याआधी एक खुलासा केलेला बरा. स्मृतिग्रंथांत माणसामाणसांत उतरंड लावणारे इतके काही आहे, की २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळली गेली हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. येथे स्मृती प्रमाण म्हणून घेतलेली नाही, अप्रत्यक्ष अपराधाचा विचार करणारे एक जुने टिपण म्हणून घेतली आहे. पराशर गाईच्या मृत्यूचे चार प्रकार करतो: कोंडल्यामुळे, बांधल्यामुळे, जुंपल्यामुळे आणि प्रत्यक्ष मारल्यामुळे. पहिल्याला पाव प्रायश्चित्त, दुसऱ्याला अर्धे, तिसऱ्याला पाऊण, चौथ्याला पूर्ण. मारण्याचा हेतू नव्हता म्हणून कोणी सुटत नाही. पुढे तो आणखी एक प्रश्न विचारतो: एकच गाय अनेकांच्या हातून मेली तर? उत्तर असे, की प्रत्येकाने वेगवेगळे पाव प्रायश्चित्त करावे. म्हणजे शंभर जण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभरावा हिस्सा येत नाही. वाटेकरी वाढले म्हणून अपराध पातळ होत नाही.

मोकाट जनावराच्या पोटातल्या प्लास्टिकला हा विचार जसाच्या तसा लागू पडतो. उकिरड्यावर पिशवीत बांधून टाकलेले शिळे अन्न जनावर पिशवीसकट गिळते. पोटात पिशव्यांचा गोळा होत जातो आणि जनावर वैरण समोर असून उपाशी मरते. कापून हे गोळे बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रिया देशभर झाल्या आहेत, आणि याच विषयावरच्या याचिकेच्या सुनावणीत २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लास्टिकच्या पिशवीचा धोका अणुबाँबहून मोठा असल्याची टिप्पणी केली होती. टिप्पणी जरा जोरकसच आहे. पण त्या गोळ्यातली कोणती पिशवी कोणाची, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि नेमक्या याच अज्ञानावर सगळ्यांची निष्पापता उभी आहे. गाईला माता म्हणणारा आणि पिशवीला गाठ मारून अन्न फेकणारा, हे दोघे बहुतेक वेळा एकच असतात.

तर दोष आहे आणि तो प्रत्येकाचा आहे, असे धरू. आता पैशाचे. याज्ञवल्क्यस्मृती एक भेद करते: नकळत झालेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केलेले जात नाही, प्रायश्चित्त केल्यावर तो माणूस फक्त इतरांच्या व्यवहारात यायला लायक ठरतो. भूमिका कडक आहे. पण व्यवहारात तिचे काय झाले तेही पाहायला हवे. प्राजापत्य नावाचे बारा दिवसांचे व्रत होते: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस कडकडीत उपास. हे जमत नसेल त्याने एक गाय दान द्यावी, अशी सवलत पुढे आली. गाय नसेल तर तिची किंमत. या पर्यायाला प्रत्याम्नाय म्हणत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या सगळ्या सवलतींचा तपशील दिला आहे. तो वाचताना स्पष्ट दिसते, की देहाला तोशीस देऊन मन वळवण्यासाठी सांगितलेली गोष्ट पायरीपायरीने दरपत्रकावर आली. युरोपात चर्चने पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकल्या आणि १५१७ मध्ये ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला, ते याच रोगाचे दुसरे रूप. म्हणून पिशवीवर कर म्हटले की सावध माणसाच्या मनात पहिली शंका हीच येते: दोन रुपये टाकले की आपण मोकळे, ही वृत्ती वाढणार नाही का?

या शंकेला आजच्या अर्थशास्त्राचाही आधार आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळे वाटत असे. पैसे ठरल्यावर ओशाळेपणाची गरज उरली नाही, उशीर ही विकत घ्यायची सोय झाली. पैशाने एक नैतिक नाते मोडले आणि मग ते परत जुळले नाही. पिशवीच्या बाबतीतही असेच होईल, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. हैफात मोडायला काहीतरी होते. फुकट पिशवीपाशी असे काही नाही. भाजीवाली पिशवी उडवून उघडते, मेथीची जुडी आत टाकते, हातात देते. घेणाऱ्याच्या मनात या सगळ्यात कोणताही विचार येत नाही, ओशाळेपणा तर दूरच. जिथे संकोच होता तिथे किंमतीने तो मारला. जिथे काहीच नव्हते तिथे किंमत काय करते, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आयर्लंडमध्ये मिळाले.

४ मार्च २००२ पासून आयर्लंडने प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर लावला. तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर दिसला पाहिजे, अशी अट होती. दरमाणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. सधन देशातल्या माणसाला १५ सेंट म्हणजे काहीच नाही. ‘पैसे दिले, आता हक्क माझा’ ही वृत्ती खरी असती तर पिशव्या कमी व्हायचे कारण नव्हते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपासच्या दुकानांचा तात्याना होमोनॉफ यांचा अभ्यास याहून बोलका आहे. घरून पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट बक्षीस दिले तर वर्तनात जवळपास फरक पडला नाही; पिशवी घेणाऱ्याकडून तेवढेच ५ सेंट घेतले तर ती घेणारे लक्षणीय घटले. हिशेबाने दोन्ही सारखेच. अर्थशास्त्रज्ञ याचे कारण सांगतात की मिळकतीच्या आनंदापेक्षा तोटा माणसाला जास्त टोचतो. ते खरे असेल, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. किंमत असली की दुकानदाराला विचारावेच लागते: पिशवी हवी का? आणि गिऱ्हाइकाला हो किंवा नाही म्हणावेच लागते. याज्ञवल्क्याच्या भाषेत, नकळत होणारी गोष्ट त्या क्षणी कळत होणारी बनते. कर पाप धूत नाही. तो पापाला तोंडासमोर आणतो, आणि त्यानंतर जो पिशवी घेतो तो ‘माझ्या लक्षात आले नाही’ असे म्हणू शकत नाही. प्रत्याम्नाय आणि हा कर यांच्यातला फरक हाच आहे: तिथे पैसे देऊन गोष्ट मनावरून उतरवायची होती, इथे पैसे मागून ती मनावर आणायची आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ निबंधात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला आहे. नियम सांगितल्याप्रमाणे वागायला लावतो. तत्त्व न्याय करण्याची रीत देते. तत्त्व चुकीचे असू शकेल, पण त्यानुसार केलेली कृती जाणीवपूर्वक आणि जबाबदारीची असते. नियम बरोबर असला तरी त्यानुसार केलेली कृती यांत्रिक राहते, असे त्यांचे म्हणणे. बंदी हा नियमांचा धर्म आहे आणि त्याचे यांत्रिकपण महाराष्ट्राने चांगलेच अनुभवले. बंदीनंतर पहिला प्रश्न ‘पिशवीशिवाय कसे भागवायचे’ हा आला नाही, ‘नियमात बसणारी पिशवी कोणती’ हा आला. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या पिशव्यांचा पूर आला. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे प्लास्टिकच्याच. पण हाताला कापड लागते, डोळ्याला कापड दिसते, आणि दुकानदार, गिऱ्हाईक, नगरपालिका असे सगळेच समाधानी होतात. पातळ पिशवीही गेली नाही, गल्ल्याखाली गेली. नगरपालिकेचे पथक येणार असे कळले की ती आणखी खाली जाते. भिण्याजोगे काय असेल तर पथक. स्वतःच्या कृतीकडे पाहण्याची पाळी कोणावरही आली नाही. केंद्राचा रद्द झालेला पंधरावा नियम किंमतीचा असूनही फसणाराच होता, कारण त्यात घाऊक पैसे भरायचे होते. एकदा महिन्याचे ४,००० भरले की जितक्या जास्त पिशव्या द्याव्यात तितकी प्रत्येक पिशवी स्वस्त पडणार, आणि ती घेणाऱ्याला काही कळणारही नाही. त्याआधीच्या २०११ च्या नियमांत गिऱ्हाइकाला पिशवी फुकट देऊ नये असे साध्या शब्दांत लिहिलेले होते. विचार त्यातच योग्य होता. तो कोणी अंमलात आणला नाही, इतकेच.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबीचा आहे आणि बीडमध्ये तो टाळून पुढे जाता येत नाही. दंडाने माणसाला शहाणपण येते असे ज्यांना वाटते त्यांनी या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ‘खाडा’ पाहावा. कारखान्यावर एक दिवस काम चुकले की मुकादम उचलीतून पैसे कापतो. आजारपण, पाळी, बाळंतपण, कारण कोणतेही असो. बायकांनी खाडा पडू नये म्हणून गर्भाशये काढून घेतल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दंड म्हणजे काय आणि तो कोणावर पडतो, हे या बायकांइतके कोणाला कळणार? त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. ज्याला पर्याय नाही त्याला दंड करणे म्हणजे लूट आहे, त्यात नीतीचा अंशही नाही. म्हणून पिशवीच्या कराला पहिली अट हीच हवी, की तो फक्त तिथेच असावा जिथे न घेणे माणसाच्या हातात आहे. आणि इथे परिस्थिती आक्षेपाच्या उलटी आहे. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, वायरची विणलेली पिशवी, जुन्या लुगड्याचे गाठोडे, ही सगळी गरिबाघरची चाल आहे. रिकाम्या हाताने बाजारात जाऊन आठ पिशव्या लोंबकळवत परतण्याची रीत मोटारसायकल आणि पगार यांच्यासोबत आली. कर गरिबावर पडेल या चिंतेने व्याकूळ होणाऱ्यांना आजचा कायदा काय करतो हेही पाहावे लागेल: रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवालीला पहिल्याच वेळी ५,००० रुपये, जेव्हा तिच्या पाटीतला सगळा माल विकला तरी तेवढे होत नाहीत, आणि तिच्याकडून पिशवी मागून घेणारा बहुधा निर्धास्त घरी जातो. कर पिशवी घेणाऱ्याकडून दोन रुपये मागतो. यातला गरीबविरोधी कोणता?

दुसरे म्हणणे सात्त्विक आहे: पैशाने माणूस सुधारत नाही, प्रबोधन करा. बीड ही कीर्तनाची भूमी. नारायणगड, गहिनीनाथगड यांच्या परंपरा आहेत, गावोगाव सप्ताह होतात, आणि गाडगेबाबांनी कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडण्याचा जो पायंडा पाडला त्याचे नाव प्रत्येक कीर्तनकार घेतो. प्रबोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. पण ते ऐकणाऱ्याच्या मनाशी बोलते, आणि पिशवी घेताना मन तिथे हजर नसते, हात असतो. रात्री कीर्तनात ज्याने मान डोलावली तोच सकाळी मंडईत उभा असतो, आणि त्याचा निश्चय त्याला आठवून देणारे तिथे काही नसते. दोन रुपये आठवून देतात. अर्थात ही आठवणही झिजते. आयर्लंडमध्ये काही वर्षांनी पिशव्या पुन्हा हळूहळू वाढू लागल्या तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट करावा लागला. पंधरा सेंटांची सवय झाली की ते पंधरा सेंट प्रश्न विचारेनासे होतात. म्हणून किंमतीला प्रबोधनाची जोड लागते हे खरे, पण नुसत्या प्रबोधनाने चार दशकांत काय झाले ते बीडच्या बिंदुसरा नदीच्या पात्रात उतरून कोणीही पाहावे.

तिसरा आक्षेप हिशेबी आहे आणि कापसाच्या जिल्ह्याने तो ऐकायला हवा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात निघाले की सुती पिशवी करताना लागणारे पाणी, खत, ऊर्जा यांचा भार इतका असतो, की ती हजारो वेळा वापरली तरच सर्व निकषांवर पातळ पिशवीपेक्षा हलकी ठरते. हजारो हा आकडा एका निकषावर अवलंबून आहे. नुसत्या हवामानबदलापुरते पाहिले तर पन्नासएक वापर पुरतात. डेन्मार्कमध्ये कचरा जाळून ऊर्जा होते, तिथे पिशवी ओढ्यात जात नाही, हेही खरे. पण मूळ मुद्दा उरतोच: पाऊस दगा देतो त्या शेतात पिकलेल्या कापसाची पिशवी समारंभात फुकट वाटून दोनदा वापरली, तर ती पुण्यकर्म ठरत नाही. म्हणून कर प्लास्टिकवर नसावा, फेकण्यावर असावा. कागदी, कापडी, न विणलेली, जी कोणती पिशवी गल्ल्यावर नवी मिळते तिला किंमत असावी. आणि जिथे फेकणे टळत नाही तिथे सूट. आपल्याकडे पंचसूना नावाची कल्पना आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा माठ या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून रोज जीवहत्या होते, ती टळत नाही, म्हणून रोज पाच यज्ञांनी तिचे देणे चुकवावे. टाळता येणारा दोष आणि न टळणारा दोष यांना एकच माप लावू नये, हे त्यामागचे शहाणपण आहे. मांसमच्छी, सुटी फळे यांच्या छोट्या पिशव्यांना आयर्लंडनेही कर लावला नव्हता. दुधाची पिशवी याच वर्गातली. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत ती बंदीतून वगळून तिच्यावर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची तरतूद होती. घ्या, पण परत करा: बंदीच्या त्या दस्तऐवजात धर्मविचाराशी जुळणारे हे कलम, आणि नेमके तेच नीट अंमलात आले नाही.

कोणी म्हणेल, परळीच्या औष्णिक केंद्राची राख वर्षानुवर्षे शेतांवर आणि छपरांवर पडते आहे, तिथे सरकार गप्प, आणि आमच्या दोन रुपयांच्या पिशवीवर कर. रास्त आहे. राखेचा जाब सरकारकडून घेतलाच पाहिजे. पण पराशराचे गणित इथेही आठवावे: दुसऱ्याचा वाटा मोठा आहे म्हणून माझा पाव कमी होत नाही.

उरतो तो पैसा कोणाच्या खिशात जाणार हा प्रश्न, आणि माझ्या मते कराची सगळी नीती इथेच ठरते. प्रायश्चित्ताची दक्षिणा पुरोहिताला मिळू लागली तेव्हा प्रायश्चित्ते वाढावीत यात त्याचा स्वार्थ निर्माण झाला. पिशवीचे पैसे दुकानदाराला मिळाले तर हेच होईल. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने एका नामवंत पादत्राणे कंपनीला कागदी पिशवीचे ३ रुपये घेतल्याबद्दल ९,००० रुपये मोजायला लावले. कंपनीची जाहिरात छापलेली पिशवी गिऱ्हाइकाला विकत देणे म्हणजे त्याच्याच पैशाने त्याला फलक बनवणे आहे, हा तक्रारीचा रोख होता आणि तो चुकीचा नव्हता. पैसा राज्याच्या तिजोरीत गेला तर सरकारला पिशव्या हव्याहव्याशा वाटू लागतील. आयर्लंडने तो वेगळ्या पर्यावरण निधीत टाकला. बीडसारख्या जिल्ह्यात तर तो कोणाला द्यायचा हे शोधायला समितीही नको. पाण्याची बाटली रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. पातळ, मळकी पिशवी कोणी उचलत नाही, कारण तिला भाव नाही. ती उचलते फक्त नगरपालिकेची सफाई कामगार, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्यांच्या वाट्याला येत गेले हे सर्वांना ठाऊक आहे. फुकट पिशवीची किंमत आजवर तिने भरली आहे.

याची सुरुवात कायद्याची वाट न पाहता देवस्थानाला करता येईल. केदारनाथला २०२२ पासून प्लास्टिकच्या बाटलीवर १० रुपये ठेव घेण्याची पद्धत सुरू झाली. रिकामी बाटली परत केली की पैसे परत. परळीचे वैद्यनाथही ज्योतिर्लिंगच. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला जी रांग लागते तिच्यातल्या प्रत्येकाला बेलफुलाची पिशवी घ्यायची असेल तर १० रुपये ठेव, पायऱ्या उतरताना ती पिशवी आणून दिली की पैसे परत, आणि जी परत येणार नाही तिचे पैसे त्याच दिवशी देऊळ आणि घाट झाडणाऱ्यांच्या हातात. टोपलीतून किंवा द्रोणातून बेल आणणाऱ्याला काही द्यावे लागणार नाही. यात तोटा एवढाच, की दानपेटीत या रकमेतला एक रुपयाही पडणार नाही, आणि विश्वस्तांची अडचण झालीच तर तिथे होईल.